गाडीची हजेरी

मी आज जो काही आहे तो आमच्या बाईंमुळं. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण नाव दिसलं तर मजकूर बाजूला ठेवून त्या आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासतील. वडगाव रासाईच्या आमच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई आणखीही होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की गावाला त्याच कळायच्या. उंच, सडपातळ, अंगावर सुती साडी आणि पायांत पोरं पी.टी.ला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. चप्पल ब्रेकवरून सटकते, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे गाडी नव्हती तेव्हापासून त्या हे बूट घालत होत्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “सवय आधी लावून घ्यावी. गाडी येईल मागून.” आणि तशी ती आली.

राहायला त्या न्हावऱ्याला. यजमान लवकर गेलेले, मुलगा शिकायला पुण्यात. आम्हाला मराठी शिकवायच्या, आणि ज्या विषयाचे शिक्षक आले नसतील तो विषयही.

हजेरीचं त्यांना विलक्षण वेड होतं. पोरांची हजेरी झाली की वस्तूंची सुरू व्हायची. “खडू?” पुढच्या बाकावरचा पोरगा खडू वर धरून म्हणायचा, “हजर.” “डस्टर?” “हजर.” “मधली खिडकी?” तिची कडी मोडलेली होती, म्हणून खिडकीशेजारची मुलगी म्हणायची, “हजर, पण आजारी.” एखादं पोर आलेलं नसलं की बाई त्याचं नाव घेऊन थोडा वेळ खिडकीबाहेर बघत थांबायच्या, जणू ते रस्त्यातच आहे, पोचेल आता. संध्याकाळी त्या पोराच्या दारात बूट वाजायचे.

‘माहीत नाही’ हे उत्तर त्यांच्या वर्गात चालत नव्हतं. “माहीत नाही असं म्हणून बसायचं नाही. ‘अजून बघितलं नाही’ म्हण. म्हणजे बघायचं काम तुझ्याकडं राहतं.” नदीपलीकडं काय पिकतं, असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी शहाणपणानं म्हणालो, “अजून बघितलं नाही, बाई.” शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला भीमेपलीकडं, दौंड तालुक्यात नेऊन आणलं. तिकडंही ऊसच होता. “आता बघितलंस,” एवढंच म्हणाल्या.

मी नववीत असताना त्यांनी कुणाची तरी वापरलेली, चंदेरी रंगाची छोटी गाडी घेतली. वर्गाच्या पटावर आणखी एक नाव चढावं तशी ती आमच्यात आली. निघण्याआधी तिचीही हजेरी व्हायची. बाई स्टिअरिंगवर बसायच्या आणि जो सापडेल त्याला गाडीमागं उभं करायच्या. “डावा इंडिकेटर?” “हजर.” “उजवा?” “हजर.” “ब्रेकचा दिवा?” शिपाईमामा, दूधवाला, कुणीही चालायचं. एकदा झेंडावंदनाला आलेले सरपंच सापडले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या त्या माणसानं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच “हजर” म्हटलं.

“मोठ्यानं,” बाई आतून म्हणाल्या.

गाडी मागं घेणं त्यांना मान्य नव्हतं. परत वळायचं असलं की त्या सरळ पुढं जायच्या आणि मारुतीच्या देवळाला वळसा घालून यायच्या. बाई रोज मारुतीला प्रदक्षिणा घालतात असा गावाचा समज झाला, आणि बाईंनी तो मोडला नाही. गाडीशी त्या बोलायच्याही. थंडीत सुरू व्हायला कुरकुरली तर म्हणायच्या, “काय गं, गृहपाठ राहिला वाटतं.” पोरं हसायची. मोठी माणसं पोरांना गप्प करून मग स्वतः हसायची.

मी बारावी झालो तेव्हा वडिलांनी माझं एमआयडीसीतल्या एका कंपनीत बोलून ठेवलं होतं. वडील दूध संकलन केंद्रावर कामाला, घरी दोन म्हशी. आमच्यात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. बाई आल्या त्या घरात आल्याच नाहीत. दारात गाडी लावली आणि काच खाली करून बसल्या.

“याला इंजिनिअरिंगला घालायचं,” त्या वडिलांना म्हणाल्या.

“न्हाई जमायचं, बाई. कंपनीत लागतोय त्यो.”

बाईंनी हॉर्न दाबला. चांगला लांब.

“आवो, ऐकून तरी घ्या.”

“ऐकतेय की. बोला.”

“आमच्यात कुणी एवढं शिकलं न्हाई.”

पुन्हा हॉर्न. आधीपेक्षा लांब. म्हशींनी दावी ताणली, समोरच्या ओट्यावर माणसं जमली. वडील काही बोलायला तोंड उघडायचे आणि बाईंचा हात हॉर्नकडं जायचा. शेवटी आई गोठ्यातून ओरडली, “व्हय म्हना की वो. म्हशी पान्हा चोरत्याल आता.”

वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, “व्हय, बाई.”

बाई गाडी सरळ पुढं घेऊन गेल्या. देवळाला वळसा घालून परत आल्या आणि कॉलेजचं नाव सांगून गेल्या. मला पदवी मिळाली तेव्हा वडिलांनी गावात सगळ्यांना सांगितलं, “आमचं पोरगं हॉर्नवर शिकलं.” अजूनही सांगतात.

पुढं मला यवतला, हायवेवरच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. गाडीला लॅपटॉप जोडून तिचं काय दुखतंय ते शोधायचं, हे माझं काम. बाई निवृत्त झाल्या, न्हावऱ्यातच राहिल्या. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, दर रविवारी यायचा. दिवाळीला मी भेटायला गेलो की बाई माझ्या बोलण्यातले इंग्रजी शब्द बोटांवर मोजायच्या.

आणि मग त्यांच्या गाडीला काहीतरी व्हायला लागलं.

आधी सकाळी बॅटरी उतरलेली सापडायची. मुलगा म्हणाला, “आई, दिवे चालू राहिले असतील तुझ्याकडून.” बाई म्हणाल्या, “मी हजेरी घेऊन बंद केले होते.” मग एकदा बाजारात किल्ली आत असताना दारं आपोआप लागली. मग भर दुपारी अंगणात उभ्या गाडीचा हॉर्न वाजायला लागला. ऊन तापलेलं असताना वायपर हलले. कुणी बघायला यावं तर गाडी गप्प. बाई सांगायच्या, “मी नाही केलं. तिनं केलं.” जी बाई इतकी वर्षं गाडीशी बोलत आली, तिनं असं सांगितल्यावर कोण विश्वास ठेवणार? लोक पूर्वी हसायचे. आता हसायचे थांबले, हे जास्त वाईट होतं.

मुलगा चांगला होता, म्हणूनच घाबरला. बाईंना पुण्याला डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, “आजी, आज वार कोणता?” बाई म्हणाल्या, “तुमच्या भिंतीवर मागचाच महिना आहे. आधी ते पान उलटा, मग मला विचारा.” डॉक्टर हसले, पण मुलाचं ठरत आलं होतं. गाडी विकायची, न्हावऱ्याचं घर बंद करायचं आणि आईला पुण्याला न्यायचं.

तेव्हा बाईंचा मला फोन आला. नेहमीसारखा मोठा आवाज, पण मधे मधे थांबत होत्या.

“अरे, मला एक खरं सांगशील का? मी विसरतेय, का गाडी विसरतेय?”

मी म्हणालो, “अजून बघितलं नाही, बाई. गाडी घेऊन या.”

गाडी वर्कशॉपमध्ये आली आणि शहाण्या मुलीसारखी वागायला लागली. लॅपटॉप जोडला, एकही तक्रार नाही. आमचे सर्वांत जुने इलेक्ट्रिशियन शकीलभाई दोनदा बघून गेले. म्हणाले, “गाडी ठनठनीत हाय. बाईंचं वय झालं, दुसरं काय न्हाई. लिहून टाक, फॉल्ट नाही.” मी जॉबकार्डावर लिहिलं, ‘अजून दिसला नाही.’ मॅनेजरनी ते वाचून विचारलं, “ही काय भाषा आहे?” मी म्हणालो, “आमच्या शाळेची आहे, सर.”

रोज ती गाडी वर्कशॉपच्या अंगणात उभी बघायचो आणि काही सुचायचं नाही. मग मी बाईंना फोन करून विचारलं की हे प्रकार व्हायचे त्या दिवशी त्यांनी गाडीचं काय केलेलं असायचं.

“काय करणार? आंघोळ घालते तिला.”

“कशी?”

“कशी म्हणजे? तांब्यानं. डोक्यावरून.”

डोक्यावरून म्हणजे समोरच्या काचेवरून. गाडी लावायच्या त्या अंगणातल्या शेवग्याखाली. मी काचेच्या खालची जाळी उघडली. आतली पाणी जायची वाट शेवग्याच्या बारीक पानांनी आणि वाळक्या फुलांनी पार बुजून गेली होती. मी कँटीनमधून तांब्या आणला आणि काचेवर सावकाश पाणी ओतायला लागलो. शकीलभाई चहा पीत बघत होते. “अभिषेक चाललाय का?” म्हणाले.

त्यांचा चहा संपेपर्यंत काही झालं नाही. मग दारांची कुलपं टक टक करून लागली. उघडली. परत लागली. वायपर उठून एक हेलकावा घेऊन बसले. आणि हॉर्न सुरू झाला. कुणी दाबलेला नव्हता, गाडीत कुणी नव्हतं, किल्ली माझ्या खिशात होती. सगळं वर्कशॉप हातातलं काम टाकून उभं राहिलं.

शकीलभाईंनी कप खाली ठेवला. “बाई खरं बोलत होत्या,” ते म्हणाले.

मी बाईंना फोन लावला आणि मोबाइल हॉर्नच्या दिशेनं धरला. मग कानाला लावून विचारलं, “ऐकू आलं का, बाई? आत कुणी नाही.”

मग त्या म्हणाल्या, “अजून थोडं वाजू दे.”

मी वाजू दिला.

डॅशबोर्डखाली कंपासपेटीएवढा एक डबा असतो. दिवे, हॉर्न, वायपर, कुलपं, सगळी त्याच्या हुकमतीत. त्याला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. ते पाणी झिरपत झिरपत त्यावर पडत होतं. उघडून बघितला तर आतल्या पिनांवर हिरवा गंज चढलेला. वाळला की डबा ठीक, ओला झाला की वेडा. बाईंना मी समजावलं, हा वर्गाचा मॉनिटर. मॉनिटरचंच डोकं फिरलं की वर्गात जे होतं ते गाडीत होत होतं. बाई म्हणाल्या, “मग मॉनिटर बदल. वर्गाला मारू नकोस.”

नवा डबा मागवला. तो आला त्या दिवशी आमच्या स्टोअरकीपरनं बाईंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही, म्हणून त्यानं कार्डावरचा दुसरा नंबर लावला. तो होता बाईंच्या शेजारच्या आबांचा. स्टोअरकीपर रोजच्या घाईत म्हणाला, “बाईंची बॉडी आली हाय. कवा नेताय?”

“कुठं?” आबांनी विचारलं.

“यवतला. सकाळच्या टेम्पोनं आली.”

आबा जागेवरच खाली बसले. थोड्या वेळानं चार माणसं बरोबर घेऊन, डोळे पुसत बाईंच्या अंगणात आले, तर बाई आकडी घेऊन शेवग्याच्या शेंगा काढत होत्या.

“आबा, रडताय कशाला?”

“बाई,” आबा म्हणाले, “तुमी गेल्याचा फोन आला.”

“कुठं गेले मी?”

“यवतला.”

बाईंनी जरा विचार केला. “असेल. मी अजून बघितलं नाही,” त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना चहाला बसवलं. मग मला फोन. “अरे, माझी बॉडी आली म्हणे. मीच न्यायला येऊ, का खांदेकरी पाठवू?” आबा मात्र पुढं बरेच दिवस माझ्यावर धुसफुसत होते. “त्या डब्याला दुसरं नाव न्हाई का ठेवता येत? शिकलेली माणसं तुमी.”

डबा बसवताना आपण समोर असणार, असा बाईंचा हट्ट होता. त्या मुलाबरोबर आल्या. मी बॅटरीची तार सोडली, खालचं झाकण काढलं, जुना डबा सोडवून नवा बसवला. नवा डबा कोरा असतो. गाडी कोणती, दिवे कुठले, किल्ल्या कोणत्या, हे सगळं लॅपटॉपवरून त्याला शिकवावं लागतं. हे ऐकल्यावर बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. “कोरा आहे? मग पहिल्या दिवशी रागावू नकोस त्याच्यावर,” म्हणाल्या. दोन्ही किल्ल्यांची ओळख करून देताना त्यांनी त्या स्वतःच्या हातानं धरल्या.

मग हजेरी. मागं उभं राहायला मी निघालो, तर त्यांचा मुलगा म्हणाला, “मी राहतो.” तो गाडीमागं गेला. बाईंनी नाव घेतलं की त्याचा “हजर” यायचा. ब्रेकच्या दिव्यापर्यंत हजेरी झाली. तो बाईंच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, “आई, मला वाटलं तूच...”

“वाटणारच,” बाई म्हणाल्या. “तू पाणी ओतून बघितलं नव्हतंस.”

जुना डबा बाईंनी मागून घेतला. न्हावऱ्याच्या घरात तो पुस्तकांच्या फळीवर आहे. गाडी विकली नाही, घर बंद झालं नाही. शेवग्याखालून तेवढी गाडी बाजूला झाली.

हे सगळं इथं संपलं असतं तर मला आवडलं असतं. पण या वर्षी बाईंचा पुन्हा फोन आला. बॅटरी उतरली होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. “नवा मॉनिटरही बिघडला वाटतं,” त्या म्हणाल्या. मी न्हावऱ्याला जाऊन गाडी वर्कशॉपमध्ये घेऊन आलो. पाठोपाठ त्यांच्या मुलाचा फोन. या वेळी त्याच्या आवाजात भीतीपेक्षा दमणूक जास्त होती. “गाडीला गिऱ्हाईक आलंय,” तो म्हणाला. “पण तू सांगशील ते आई ऐकेल आणि मीही ऐकेन. डब्यात बिघाड असेल तर विकत नाही.”

मी गाडी तपासली. रोज तपासली. शकीलभाई सगळं बघत होते. एके दिवशी शेजारी येऊन हळू आवाजात म्हणाले, “लूज कनेक्शन होतं म्हणून लिही की रे. बाई बी खूश, पोरगा बी खूश. कुणाचं काय जातंय?” ते प्रेमानंच म्हणाले. माझ्याही मनात तेच होतं. पुढच्या वेळी बाई भर रस्त्यात अडकल्या तर काय, हेही मनात होतं.

संध्याकाळी बाईंनी फोनवर विचारलं, “काय निघालं?”

मी म्हणालो, “सांगतो, बाई.”

“सांगू नकोस. लेखी दे. तोंडी उत्तराला मी मार्क देत नाही.”

म्हणून मी लिहिलं आणि यवतला आलेल्या आबांच्या नातवाबरोबर पाठवून दिलं.

*

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुम्ही लेखी मागितलंत म्हणून लिहितो. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर लाल पेननं खुणा करून ठेवा, मी आल्यावर दुरुस्त करीन.

डबा उघडून बघितला. कोरडा आहे, पिना स्वच्छ आहेत. काचेवर तांब्यानं पाणी ओतलं, रोज ओतलं. हॉर्न वाजला नाही. गाडी रात्रभर उभी ठेवली, सकाळी पहिल्या किल्लीला सुरू झाली. मॉनिटर हुशार आहे आणि वर्ग शांत आहे. ‘अजून दिसलं नाही’ असं लिहून मोकळं व्हावं असं मला वाटलं होतं. पण ते खोटं झालं असतं. या वेळी मी बघितलंय. बिघाड गाडीत नाही. दिवे तुमच्याकडून चालू राहिले, बाई.

एक गोष्ट मात्र मी खरोखर अजून बघितलेली नाही. दिवे चालू असताना दार उघडलं की गाडी बारीक आवाजात टुंई टुंई करते. इथं ती करते, मी ऐकली. म्हणजे तिनं तुम्हाला दर वेळी सांगितलं असणार. तुम्ही विसरलात, का तिचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचलंच नाही, हे मला डॅशबोर्ड उघडून कळणार नाही. आबा सांगत होते, हल्ली त्यांना ‘हजर’ दोनदा म्हणावं लागतं. त्यांना वाटतं, तुम्ही पूर्वीपेक्षा कडक झालात. तुमचा फोनही पुष्कळदा वाजून वाजून बंद होतो. मला वाटायचं, तुम्ही शेवग्याखाली असाल.

दोन्हींपैकी काहीही निघो, ते बघायचं काम आता माझ्याकडं आहे. तुमच्या मुलाला मी हेच सांगितलंय, यातलं काही गाळलेलं नाही. गिऱ्हाइकाला त्यानं थांबायला सांगितलंय. तो रविवारी येतोय, मीही येतो. शिरूरला कान तपासणारे डॉक्टर आहेत, त्यांची वेळ घेतलीय. गाडी तुम्हीच चालवा, आम्ही दोघं बरोबर बसतो.

निघण्याआधी हजेरी होईलच. मागच्या दिव्यांपाशी मी उभा राहीन, आणि ‘हजर’ मोठ्यानं म्हणेन.

तुमचा विद्यार्थी